खिडकीतला सव्विसावा

तीर्थरूप आत्या,

तुला नमस्कार, आणि तुझ्या डाव्या मनगटाला वेगळा नमस्कार. ते प्लास्टरमध्ये आहे तोवर त्याच्याशी अदबीने वागायचं मी ठरवलं आहे. इथे सगळे ठीक. तिथे तू ठीक आहेस असं तू फोनवर सांगतेस, पण फोनवर तू गेली वीस वर्षं एकाच आवाजात ठीक आहेस, त्यामुळे त्यावरून काही कळत नाही. खाज येते का? आत विणायची सुई घालून खाजवत नाहीस ना? (डॉक्टरांनी नको म्हटलं असणार, म्हणजे तू घालतच असशील. निदान बोथट बाजूने घाल.) गोळ्या वेळेवर घे. दूध उतू जाऊ देऊ नकोस. एका हाताने पातेलं उतरवू नकोस. बाकी तू मला सांगायच्या गोष्टी मी तुला सांगते आहे हे माझ्या लक्षात आलं आहे, तेव्हा पुरे.

सुरुवातीलाच एक स्पष्ट करते. हे पत्र 'त्या' विषयावर नाही. तू आमच्याकडे राहायला यावंस असं मी तीनदा म्हटलं, तू तीनदा म्हणालीस, "तुमचं घर तुमच्यापुरतं बरोबर आहे, तिथे मी एक जास्तीची," आणि तिसऱ्यांदा तर फोनच ठेवलास. विषय संपला. मी तो या पत्रात काढणार नाही. हे पत्र साबणाविषयी आहे. साबणाविषयी आणि एका आकड्याविषयी. मी तुझ्या वर्गात बसून गणितात नापास झालेली एकमेव भाची, आणि मी तुला आकड्याविषयी लिहिते आहे, यावरूनच प्रकरण किती गंभीर आहे ते समज.

आमचा कारखाना तुला आठवत असेल. (कारखाना म्हणजे मागची मोठी खोली, दोन पातेली, एक तराजू आणि थोरल्या जाऊबाई.) जाऊबाई कॉलेजच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं नोकरीला होत्या. दीर गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली, आणि महिन्याभराने एक दिवस मागच्या खोलीत पातेलं मांडून मला म्हणाल्या, "तू तेल मोज, सोडा मी मोजते. तुझ्या हातात सोडा द्यायचा मला धीर होत नाही." तेव्हापासून नऊ वर्षं मी तेल मोजते आहे. मंगळवारी एक घाणा, शुक्रवारी एक घाणा. तेल आणि सोड्याचं पाणी एकत्र करायचं, पाऊण तास ढवळायचं, दाट झालं की लाकडी साच्यात ओतायचं, वर जुनी चादर पांघरायची आणि दुसऱ्या दिवशी तयार झालेली लादी तारेने कापायची. नऊ गुणिले तीन, सत्तावीस वड्या. वडी फाशासारखी, सगळ्या बाजूंनी सारखी. (तू तिला घन म्हणशील. मीही आता म्हणते, पण सांभाळून.) मग सहा आठवडे त्या हवेवर मुरवायच्या. ताजा साबण अंगाला लावायचा नसतो, त्यातला सोडा तोवर निवलेला नसतो. हे लक्षात ठेव, पुढे माझ्या नवऱ्याच्या तोंडाचा प्रश्न येणार आहे.

आता जाऊबाईंचा नियम. प्रत्येक घाण्यातली पहिली वडी विकायची नाही. तिच्यावर तारीख कोरून ती फळीवर ठेवायची, वर्षभर. तिला त्या साक्षीदार म्हणतात. पहिल्या वर्षी एका घाण्यात सोडा जास्त झाला, चार बायकांचे हात भाजले, आणि तो घाणा कुठला हे शोधायला आमच्याकडे काहीच नव्हतं. (सोडा कोणी मोजला होता हे मी विचारलं नाही. मी अजून या घरात सुखाने राहते ती त्यामुळेच.) तर सत्ताविसातून साक्षीदार गेला की राहतात सव्वीस. आठ वर्षं सव्वीसच राहत होते, आणि कोणाच्या डोळ्यांवर आले नाहीत, कारण वड्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून कशाही ठेवलेल्या असायच्या. मग एका दुकानदाराने कायमची मागणी दिली, अट एवढीच की माल नीट पेट्यांतून यावा, आणि आम्ही सुताराला बोलावलं.

सुताराला आमच्या गल्लीत सगळे मिलिमीटर म्हणतात. माणूस असा आहे की त्याला कसे आहात विचारलं तर तो आधी अंदाज घेतो. त्याला जाऊबाईंनी सांगितलं की ट्रे चौरस हवेत. त्यालाही कारण आहे: दर आठवड्याला त्या ट्रे पाव फेरा फिरवतात, म्हणजे खिडकीची हवा चारही कडांना सारखी लागते. ट्रे लांबट असला तर फिरवल्यावर मांडणीत शिरणारच नाही. आणि पेटी सगळ्या बाजूंनी सारखी हवी, कारण दुकानातली माणसं ती कुठल्याही बाजूवर ठेवतात आणि लांबट पेट्यांचा ढीग एकदा एका म्हाताऱ्या बाईंच्या पायावर आला होता. साबणांचा एकच थर लावायचा तो ट्रे, थरावर थर लावायचे ती पेटी, आणि दोन्हींत एक घाणा बरोबर मावला पाहिजे.

"ट्रे चौरसच?"

"चौरसच."

"पेटी सगळीकडून सारखीच?"

"सारखीच."

"आणि आत सव्वीस."

"सव्वीस."

मिलिमीटरने पेन्सिल कानामागे ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "वहिनी, हा आकडा तुम्ही दोघींनी मुद्दाम बसून शोधून काढलात का?" आम्हाला वाटलं, सुतार आहे, काम टाळतोय. आठवड्याने तो ट्रे घेऊन आला, त्यात पाच रांगा पाचाच्या, पंचवीस. पेटी घेऊन आला, त्यात तीन गुणिले तीनचे तीन थर, सत्तावीस. "अलीकडे एक आणि पलीकडे एक," तो म्हणाला, "याच्याहून जवळ मला जाता येत नाही. कोणाला येत असेल तर त्याला बोलवा." आणि चहा न घेता गेला.

तर आत्या, ट्रेमध्ये एक वडी जास्त व्हायला लागली आणि पेटीत एक कमी पडायला लागली. तीच वड्यांची मोजदाद, तोच घाणा. ट्रेवर उभं राहून बघितलं की वाटायचं हा एक कुठून आला, आणि पेटीवर उभं राहून बघितलं की वाटायचं एक कुठे गेला. ती जास्तीची वडी ठेवायची कुठे यावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी माझ्या लग्नाच्या वेळी झाली नव्हती. स्वयंपाकघरात ठेवली तर वाफ लागते, माळ्यावर हवा नाही. शेवटी जाऊबाई म्हणाल्या, "माझ्या खिडकीत ठेव. तिथे जागाच जागा आहे." त्यांची खोली कारखान्याला लागून आहे, खिडकी त्याच दिशेची, हवा तीच. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्या खिडकीत एक वडी जाऊन बसायला लागली, आपल्या तारखेची चिठ्ठी खाली घेऊन. येणारा-जाणारा विचारायचा, ही का बाजूला? जाऊबाई सगळ्यांना एकच उत्तर द्यायच्या: "मावली नाही."

माझ्या नवऱ्याने मात्र विचारलं नाही. त्याला वाटलं, बाजूला ठेवलेली म्हणजे घरच्यांसाठी. सहा दिवसांच्या वडीने त्याने छान फेस काढून तोंड धुतलं. (तो घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचतो, हे तुला माहीत आहे. पुढचे तीन दिवस मीटर वाचायच्या आधी लोक त्याचं तोंड वाचत होते. एका घरात त्याला ताक दिलं, एका घरात दार उघडलं नाही.) जाऊबाईंनी त्याला मलम लावलं आणि चिठ्ठीवर तारखेच्या खाली मोठ्या अक्षरात 'भावोजी, नाही' असं लिहायला सुरुवात केली.

पेटीचं दुखणं वेगळं. सव्वीस वड्या भरल्या की वरच्या थरात कोपऱ्यात एक खड्डा राहायचा, अगदी एका वडीएवढा. दुकानदाराचं पत्र आलं. फार सभ्य माणूस, त्यामुळे चोर हा शब्द एकदाही न वापरता त्याने आमच्याकडे चोर असल्याचं कळवलं. मी खड्ड्यात कागदाचा बोळा भरला. जाऊबाई म्हणाल्या, "कागदाने अंग घासायचं का माणसांनी?" मी म्हटलं, मग दुसऱ्या घाण्यातली एक वडी टाकू या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं तू माझ्या वहीकडे पाहायचीस. दोन घाणे एका पेटीत? मग साक्षीदार कशाला ठेवायचा? साक्ष कोणाची द्यायची त्याने?

मग मी डोकं चालवलं. (वाच, वाच. तुझ्या हयातीत हे घडलं आहे.) मी शोधून काढलं की चौसष्ट वड्या असतील तर आठ गुणिले आठचा चौरस ट्रे भरतो आणि चार-चारच्या चार थरांची पेटीही भरते. दोन्ही एकदम! मी धावत जाऊन जाऊबाईंना सांगितलं. त्या पातेलं घासत होत्या. म्हणाल्या, "साक्षीदार धरून पासष्ट. एवढं मोठं पातेलं भरलेलं कोण उचलणार, तुझी आत्या?" (हे तुझ्या मनगटाच्या आधीचं आहे, राग मानू नकोस.)

यानंतर जे झालं ते खरं सांगण्यासारखं. माझा हेतू साधा होता. मला सोबत हवी होती. मला वाटलं, आपल्यासारखा अडकलेला आणखी एखादा आकडा सापडला, की ज्याच्या एका बाजूला ट्रे आणि दुसऱ्या बाजूला पेटी आणि हा मधे उभा, तर बरं वाटेल. जगात आपणच एकटे वेडे नाही असं वाटेल. म्हणून घाण्याच्या वहीच्या मागच्या पानावर मी दोन रकाने आखले. डावीकडे ट्रेचे आकडे: चार, नऊ, सोळा, पंचवीस, छत्तीस. उजवीकडे पेटीचे: आठ, सत्तावीस, चौसष्ट, एकशे पंचवीस. एका हाताने ढवळायचं आणि दुसऱ्या हाताने गुणाकार करायचे. अंतर दोनचं हवं होतं, म्हणजे मधे बरोबर एक उभा राहील. आठ आणि नऊ शेजारी शेजारी, मधे कोणालाच जागा नाही. एकशे एकवीस आणि एकशे पंचवीस, अंतर चार. मला वाटलं, हे काय, आलंच जवळ. मग ते लांब गेले. नऊ, सतरा, चोवीस, पस्तीस. मधेच परत जवळ यायचे, जणू हाक मारली म्हणून वळले, आणि पुन्हा निघून जायचे. एका शुक्रवारी मी ३२७६१ आणि ३२७६८ पर्यंत पोचले. एक ट्रे, एकशे एक्याऐंशी गुणिले एकशे एक्याऐंशीचा. एक पेटी, बत्तीस वड्या उंच. आणि दोन्हींत फरक फक्त सातचा! आत्या, एवढ्या मोठ्या दोन गोष्टी, एकमेकींना कधी न भेटलेल्या, आणि सात वड्यांवरून एकमेकींना चुकल्या. मी ढवळायची थांबले. तो घाणा फुटला, तेल वर आलं, आणि जाऊबाईंनी तो तसाच ओतून दिला. नुसतं वहीकडे बघून म्हणाल्या, "दोनचं अंतर मिळालं?"

"अजून नाही."

"मिळेल. आकडे काय संपतायत थोडेच."

मलाही तेच वाटत होतं. मिलिमीटरलाही. (तो आता दुपारी डबा खायला आमच्या ओट्यावर येतो, कॅल्क्युलेटर घेऊन. त्याने १४०६०८ आणि १४०६२५ शोधले, अंतर सतरा, आणि दोन दिवस आनंदात होता.) आकडे संपत नाहीत, म्हणजे कुठेतरी, पुढे, फार पुढे, असा दुसरा आकडा असणारच, फक्त पोचायचा अवकाश. आम्ही तिघंही त्याची वाट बघत होतो. जाऊबाईंनी तर एकदा विचारलं की सापडला तर तो केवढा असेल, दारातून येईल का.

शेवटी मी वाचनालयात गेले. तिथल्या बाई अशा आहेत की त्यांच्याकडे पुस्तक मागताना माझ्या हातून काही गुन्हा घडलाय असं मला वाटतं. मी म्हटलं, मला सव्विसाबद्दल काही हवं आहे. "सव्वीस काय?" नुसता सव्वीस, मी म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, मागे गेल्या, आणि खरंच एक पातळसं पुस्तक घेऊन आल्या, आकड्यांच्या स्वभावांचं. सव्विसाखाली दोन-तीन ओळी होत्या. एका बाजूला वर्ग आणि दुसऱ्या बाजूला घन, अगदी लगटून, असा सव्वीस हा एकच आकडा आहे. (उण्या आकड्यांच्या प्रदेशात जायचं नाही. तिथे वेशीवरच शून्य उभा आहे, उणे एक आणि एकच्या मधे, आणि उणे एक वडीची पेटी मिलिमीटरसुद्धा करून देणार नाही.) एकच. 'आतापर्यंत सापडलेला एकच' नाही. एकच. पुढे कधीही, कितीही मोजलं तरी, दुसरा नाही.

मी ती ओळ परत वाचली. आत्या, मी आकडे मोजत होते ते मला संपतच नाहीत असं माहीत होतं म्हणून. आणि इथे कोणीतरी त्या न संपणाऱ्या रांगेच्या शेवटापर्यंत न जाताच, खुर्चीवर बसून, सांगत होतं की तिथे काही नाही. जे आकडे कोणी कधी लिहिले नाहीत, लिहिणार नाहीत, लिहायला कागद पुरणार नाही, त्यांच्याबद्दलसुद्धा. उद्या दूधवाला येईल का हे मला सांगता येत नाही. आणि हे सांगता येतं? मला वाचनालयात रडू आलं. बाई उठून आल्या आणि म्हणाल्या, "पुस्तक घरी नेता येतं."

पुस्तकात असं आहे की साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी न्यायालयात नोकरी करणाऱ्या एका गृहस्थाने हे सांगितलं, फावल्या वेळात, आणि रीत लिहिलीच नाही. नुसतं उत्तर! तुझ्या वर्गात असता तर पाचपैकी दीड, आणि लाल शाईत 'रीत कुठे?' पुढे शंभरहून जास्त वर्षांनी दुसऱ्या कोणी रीत लिहिली, तिच्यात फट राहिली, ती आणखी कोणी बुजवली. आणि ती रीत अशी आहे म्हणे, की त्यासाठी उणे दोनच्या वर्गमुळाला मदतीला बोलवावं लागतं. असा आकडा वड्यांमध्ये नसतोच! म्हणजे आपल्या साध्या, मोजता येणाऱ्या वड्यांबद्दलचं एक वाक्य सिद्ध करायला, नसलेल्या आकड्यांच्या गावाला जायचं, तिथून फिरून परत यायचं, आणि परत येताना हातात हे: सव्वीस, एकच. ही पानं मी चार वेळा वाचली. पहिल्या तीन ओळी कळतात. चौथ्या ओळीत माझा हात सुटतो.

परत येताना पलीकडच्या रस्त्यावर मला सव्वीस नंबरचं घर दिसलं. साधं घर, हिरवं दार, बाहेर एक सायकल. मी उभी राहून नंबराच्या पाटीकडे बघत राहिले. घरातला माणूस बाहेर आला. कोण पाहिजे? म्हटलं, कोणी नाही, तुमचा नंबर बघते आहे, असा जगात एकच आहे. त्याने पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि समजूत घातल्यासारखा म्हणाला, "मागच्या गल्लीतही आहे की एक सव्वीस."

त्या दिवशी मला तू आठवलीस, आत्या. फळ्यावर एखादी सिद्धता पूर्ण झाली की तू खडू हातात तसाच धरून, आमच्याकडे पाठ करून, जराशी थांबायचीस. पुसायची नाहीस, वळायची नाहीस. आम्हा मुलींना वाटायचं तू राग गिळते आहेस, मनात दहा मोजते आहेस. म्हणून आम्ही श्वास धरून बसायचो. तीस-पस्तीस वर्षांनी, एका वाचनालयात, मला कळलं तू काय करत होतीस. तू बघत होतीस. मला तेव्हाच का नाही सांगितलंस? (सांगितलं असशील. मी हातचा विसरण्यात गुंतलेली असेन. वहीवर तू लाल शाईत 'हातचा!' एवढं इतक्यांदा लिहिलंस की शेवटी मला त्याच नावाने हाक मारायला लागलीस.)

आता एक गोष्ट लिहिते, ती साबणाविषयीच आहे असं समज. तू जिना रोज मोजत उतरतेस, मला माहीत आहे. एकोणीस पायऱ्या. त्या संध्याकाळी दिवे गेले, तू एक जास्त मोजलीस, जमीन आली समजून पाय टाकलास, आणि एक पायरी राहिली होती. डॉक्टरांना तू काय म्हणालीस ते मी ऐकलं: "तेहतीस वर्षं गणित शिकवलं आणि एकाने चुकले." आणि घरी येऊन पुस्तकं वाटून टाकलीस, सगळी. म्हणालीस, डोकं आता चालत नाही. आत्या, आमच्याकडे गेले चार महिने सगळंच एकाने चुकतं आहे, ट्रे एका बाजूने आणि पेटी दुसऱ्या बाजूने. मिलिमीटरसारखा माणूस एकाने चुकला. आणि त्या एकाच्या चुकीच्या बरोबर मधे जे उभं होतं, तसं आकड्यांच्या अख्ख्या रांगेत दुसरं नाही. मला एवढंच म्हणायचं आहे. मला नीट म्हणता येत नाही. रीत लिहिता येत नाही, नुसतं उत्तर लिहिते आहे. दीड गुण दे.

बाकी सर्व क्षेम. मनगटाला जपून. दिवे गेले तर जिना उतरू नकोस.

तुझी,
हातचा

ता. क. वाचनालयाचं पुस्तक मला पंधरा दिवसांनी परत करायचं आहे. ती चौथी ओळ मला इथे कोणी समजावून देऊ शकत नाही. वाचनालयातल्या बाई नाही, मिलिमीटर नाही, आणि नवऱ्याला विचारलं तर तो तोंडाला हात लावतो. तू फोनवर समजावू शकणार नाहीस, फळा लागेल. फळा मिलिमीटर करून देतो म्हणाला आहे. हे मी 'तो' विषय काढत नाही आहे. पत्रात काढणार नाही म्हटलं होतं, ते पत्र वर सहीपाशी संपलं.

आणखी ता. क. तू जास्तीची, हे गणित तू ट्रेवरून मांडलंस. एकदा पेटीवरून मांडून बघ.

आणखी एक ता. क. पत्र पाकिटात घालताना जाऊबाईंनी काढून घेतलं, चष्मा लावून सगळं वाचलं, आणि पेन मागितलं. खालचं त्यांचं आहे. मी एक अक्षर बदललेलं नाही.

आत्याबाई, नमस्कार. हिचं पत्र वाचलं. लांबलं आहे. हिला सांगायचं राहिलं ते लिहिते. लादीच्या दोन्ही टोकांची कड आम्ही कापून टाकतोच. या मंगळवारपासून साक्षीदार त्या कडेतला काढायला लागले. चार महिन्यांपूर्वीच सुचायला हवं होतं. आता घाण्यात सत्तावीस पूर्ण भरतात, पेटीत खड्डा राहणार नाही, दुकानदार गप्प बसेल. सव्विसाचा प्रश्न मिटला. हिला वाईट वाटलं, पण साबण सुटला. म्हणजे तुम्हाला बोलवायला आता साबणाचं कारण उरलेलं नाही. तरी या. माझ्या खोलीत दुसरी कॉट मावते, सुताराने दोनदा मोजून दाखवलं. जिना नाही. एक पायरी आहे, ती मी त्याला काढायला सांगितली. ट्रे मात्र पंचविसाचाच आहे, त्यामुळे आता दोन वड्या उरतात. दोन्ही माझ्या खिडकीत ठेवते. एक होती तेव्हा येणारा-जाणारा विचारायचा, ही का बाजूला. दोन ठेवल्यापासून कोणी विचारलेलं नाही.